चेस्टनटची डहाळी

सालीखाली सुरीचं टोक घातलं आणि साल भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी अलगद सुटून हातात आली. आत फिकट पिवळसर बुरशी होती, जपानी पंख्यासारखी पसरलेली. बाहेरून सालीवर मोहरीएवढ्या नारिंगी पुटकुळ्या. त्या फांदीची पानं भर उन्हाळ्यात करपून तपकिरी झाली होती, पण गळली नव्हती. बाकीचं झाड हिरवंगार.

"किडा आहे ना?" मागून लुईसाबाईंनी विचारलं. त्यांचा मास्क नेहमीप्रमाणे हनुवटीवर होता.

किडाही होता. त्याच फांदीच्या बेचक्यात एक भोक होतं, भोकाच्या तोंडाशी भुसा आणि जाळं. चिमट्याने चाचपल्यावर एक जाड पांढरी अळी बाहेर आली. मी ती तळहातावर घेऊन त्यांना दाखवली.

"बोअरर," मी म्हणालो. म्हणजे खोडकिडा.

"थँक गॉड!" त्या म्हणाल्या आणि फाटकाला टेकल्या.

किडा असेल तर एक फांदी जाते. ही बुरशी असेल तर बाग जाते. हे त्यांनाही माहीत होतं. मी अळीकडेच बघत राहिलो. वर बघितलं असतं तर माझा चेहरा त्यांना दिसला असता.

मी वनस्पतींच्या रोगांचं काम करतो. पुण्यात शेतकीची पदवी, मग मेलबर्नच्या युनिव्हर्सिटीत मास्टर्स, आणि मग इथेच नोकरी. घर तिथल्याच डँडेनॉन्ग उपनगरात. तेव्हा माझ्याकडे राज्याच्या ईशान्येकडच्या डोंगराळ भागातल्या चेस्टनटच्या बागा होत्या. चेस्टनट म्हटलं की आपल्या लोकांना शिंगाडा आठवतो. त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही. हे मोठं डेरेदार झाड. फळ साळिंदरासारख्या काटेरी वेष्टनात, आत चकचकीत तपकिरी बी. भाजलं की चव थेट फणसाच्या आठळीची.

ह्या झाडाचा सगळ्यात वाईट शत्रू म्हणजे ब्लाइट. ती बुरशी जखमेतून आत शिरते आणि सालीखालचा रस वाहून नेणारा थर चहूबाजूंनी आवळत जाते. वरची फांदी सुकते, पण पानं धरून ठेवते. लांबून हिरव्या झाडावर एखादं तपकिरी निशाण लावल्यासारखं दिसतं. ह्याच्यावर औषध नाही. इथला नियम एकच. झाड पाडा, जाळा, बुंधा उकरा. बुरशीचे कण पावसाच्या थेंबांवरून जातात, वाऱ्याने जातात, किड्यांच्या पायांना चिकटून जातात. पण लांबचा पल्ला गाठायला तिला माणूस लागतो. सुरी, कात्री, तोडलेली फांदी.

म्हणून आमच्या गाडीत स्पिरिटची बाटली असते. एका बागेतून निघताना बूट, कात्री, सुरी सगळं स्पिरिटने धुवायचं, तेव्हाच पुढच्या बागेत पाऊल टाकायचं. नव्या पोरांना हे मीच शिकवायचो.

आता त्याच्या आदल्या मार्चकडे येतो.

कोव्हिडची सुरुवात होती. रोज काहीतरी नवीन बंद होत होतं. आमचं काम 'इसेन्शियल' होतं, म्हणून मी बाहेर. फ्रीवेवर मी एकटाच. दोन्ही बाजूंना पिवळं पडलेलं गवत, वर मोकळं आकाश, आणि रेडिओवर तेच तेच आकडे. रेडिओ बंद केला की गाडी चालते आहे की आपण जागच्या जागी बसलोय आणि डोंगरच सावकाश जवळ येतायत, हे कळत नसे. त्या दिवसांचं मला सगळं असंच आठवतं, काचेपलीकडचं.

अशाच एका फेरीत होतो, दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. घरून अनघाचा, म्हणजे माझ्या बायकोचा फोन आला.

"फॉस्टर स्ट्रीटवर आपल्या दुकानांत आंब्याची पानं नाहीत. कडुलिंबही नाही. दुकानदार म्हणतो, क्वीन्सलँडहून माल आलाच नाही. आणि लोक रांगा लावून नुसता आटा नेतायत."

"मग ह्या वर्षी राहू दे."

"ह्या वर्षी राहू दे? ह्याच वर्षी नको राहू दे! तू झाडांमध्येच असतोस ना दिवसभर? लांब पानांची एखादी डहाळी आण. देवाला चालतं."

चेस्टनटचं पान लांब असतं, जाड, तकतकीत. कडेला करवतीसारखे दाते आहेत, पण लांबून आंब्याचंच वाटावं. हे माझ्या मनात आधीही आलं होतं. घरापासून इतकं लांब राहणारा माणूस झाडात काय काय बघतो!

ग्रॅहम नावाच्या शेतकऱ्याच्या मोठ्या बागेची पाहणी संपवली. सगळं ठीक होतं. कात्री स्पिरिटने धुतली, बूट धुतले, गाडीत बसलो. आणि मग फोन आठवला. उतरलो. ओढ्याच्या काठी मागची रांग होती, तिथली झाडं कुणी फारशी छाटत नसे. तिथून एक डहाळी तोडली. त्या वेळी ओढ्यावर धुकं उतरलं होतं, आणि पानांवर इतका मऊ उजेड होता की मी काही वेळ नुसता उभा राहिलो. दापोलीला मावशीच्या आमराईत सुट्टीला जायचो, तसं वाटलं.

सरकारी काम संपल्यावर कात्री धुतली होती. घरचं काम त्यानंतर केलं. त्यानंतर धुवायचं सुचलंच नाही.

पुढचा थांबा लुईसाबाईंचा. त्यांच्या वडिलांनी इटलीहून आल्यावर लावलेली बाग. फाटकाजवळ पहिली रांग, वर टेकडीवर जुनी झाडं. इंग्रजीत सगळ्यांना 'यू' असलं तरी मी मनात त्यांना अहो-जाहोच करायचो, म्हणून इथेही तसंच लिहितो. त्या मात्र मला 'मिल' म्हणायच्या. मिलिंदचा मिल.

"मिल, तिथेच थांब! दीड मीटर!" त्या ओरडल्या आणि स्वतःच हसल्या. मग फाटकाजवळच्या झाडाकडे बोट दाखवलं. वाऱ्याने एक फांदी मोडून लोंबत होती. "माझे खांदे आता वर जात नाहीत. कापून टाकतोस का, डार्ल?"

मी खिशातून कात्री काढली आणि कापली. तीच कात्री.

त्यांनी कागदी पिशवीत नुकतेच पडलेले चेस्टनट दिले. मी त्या झाडाखालीच उभा राहून माझी डहाळी नीट केली. वाकड्या काड्या छाटल्या, बुंध्याशी टाकल्या. त्यांनी विचारलं, हे कशाला? मी म्हणालो, उद्या आमचं नवीन वर्ष आहे. त्या म्हणाल्या, "हॅपी न्यू इयर, लव्ह. ह्या वर्षी लागणारच आहे ते."

पाडव्याच्या सकाळी बाल्कनीत गुढी उभारली. तांब्या, जरीचा खण, साखरेच्या गाठी मिळाल्या नाहीत म्हणून ईशाच्या कँडीची माळ. ईशा तेव्हा नववीत.

"बाबा, दॅट्स नॉट इव्हन मँगो."

"बेटा, भावना महत्त्वाची."

"देअर आर टीथ ऑन इट."

डहाळी काठीला बांधताना देठाशी साल थोडी सुजल्यासारखी लागली. त्यावर दोन-तीन नारिंगी ठिपके. माझं बोट तिथे थांबलं. हे मला आजही स्वच्छ आठवतं. मग मी त्याच्यावरूनच सुतळीचे वेढे दिले. दगडफूल असेल, म्हटलं. सणाच्या सकाळी माणूस तपासणी करत नाही. खाली पार्किंगमधून शेजारच्या पंजाबी काकू टाळ्या वाजवत होत्या, "बहुत सुंदर, बेटा!" कुणी कुणाला भेटत नव्हतं त्या दिवसांत. आमची गुढी हीच सगळ्या बिल्डिंगची भेट झाली होती.

संध्याकाळी गुढी उतरवली. डहाळी हिरव्या बिनमध्ये टाकली. विसरलो.

आता पुन्हा त्या उन्हाळ्यातल्या, म्हणजे इथल्या फेब्रुवारीतल्या, सकाळी येतो. तळहातावर अळी, समोर फांदी. ज्या बेचक्याशी बुरशी होती, तिथेच जुन्या छाटणीचा वण होता. तिरपा काप. मी तिरपाच कापतो.

नमुना लॅबला गेला. ब्लाइटच निघाला. माझी बॉस हेदर, बोलायला चटपटीत बाई. तिने सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर घेतलं.

"राइट. सोर्स शोधायचाय. गेल्या वर्षभरात दोन बागांमध्ये काही हललंय का? अवजारं, लाकूड, कलमं, काहीही?"

एकेक जण 'नो' म्हणत गेला. माझी पाळी आली.

"नो," मी म्हणालो. आणि एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक. पण पुढे म्हणालो, "बेचक्यात बोअरर होता. किड्याच्या जखमेतूनच आली असणार. कण कुठून तरी किड्यांनीच आणले असतील."

"लांबून?"

"शक्य आहे."

शक्य आहे, हा आमच्या धंद्यातला फार सोयीचा शब्द. खोटंही नाही, खरंही नाही. किडा काही बाजू मांडायला येणार नव्हता.

पण ह्या एका वाक्याचा परिणाम काय होतो, ते मला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. रोग कुठून आला हे कळलं, तर त्या वाटेवरची झाडं तेवढी काढतात आणि बाकीच्यांवर पाळत ठेवतात. कुठून आला हे कळलंच नाही, आणि वर किडे पसरवतायत असा संशय असेल, तर सगळंच संशयित. हेदरने निर्णय दिला. लुईसाबाईंची पूर्ण बाग काढायची. फाटकाची रांगही आणि टेकडीवरची जुनी झाडंही.

सांगायला मलाच पाठवलं.

लुईसाबाईंनी ऐकून घेतलं. मास्क ह्या वेळी नाकावर नीट होता.

"टेकडीवरच्या झाडांना काही झालंय?"

"नाही. अजून काही दिसत नाही."

"मग?"

"सोर्स माहीत नाही. म्हणून खबरदारी."

"तू म्हणालास किडा आहे."

"किडाही आहे."

त्यांनी टेकडीकडे बघितलं. "पापा म्हणायचे, ही झाडं माझ्या नातवंडांना पुरतील. मला नातवंडं नाहीत, मिल. मी म्हटलं, निदान झाडं तरी असतील."

मी 'सॉरी' म्हणालो. त्या म्हणाल्या, "नॉट यॉर फॉल्ट, लव्ह." आणि मला गाडीपर्यंत पोचवायला आल्या. दीड मीटर अंतर राखून.

झाडं पाडायची टोळी मेलबर्नहून येणार होती. आणि नेमकं तेव्हाच शहरात पुन्हा केसेस सापडल्या, थोड्या दिवसांची टाळेबंदी लागली. ह्या वेळी आमच्या कामालाही सूट नव्हती, सगळं पुढे ढकललं गेलं. मी घरी अडकलो.

ते दिवस सांगायला कठीण आहेत. काही घडलं नाही. दुपारी ईशा तिच्या खोलीत ऑनलाइन क्लासला, अनघा डायनिंग टेबलावर लॅपटॉप घेऊन, मी सोफ्यावर. रस्त्यावर गाड्या नाहीत. बाहेर एक मॅगपाय पक्षी एकटाच गात असायचा, बासरी फुटल्यासारखा. डोळा लागला की मला आमची बाल्कनी दिसायची. तिच्यात गुढी तशीच उभी, आणि डहाळीला मुळं फुटून ती कठड्यावरून खाली उतरते आहे. खाली पार्किंग नव्हतं, टेकडी होती. सगळ्या झाडांवर एकेक तपकिरी फांदी. आणि लुईसाबाई प्रत्येक झाडाखाली उभं राहून म्हणतायत, हॅपी न्यू इयर. भीती वाटायची नाही. उलट इतकं सुंदर दिसायचं की जागं होऊच नये वाटायचं. जागं झाल्यावर मात्र भीती वाटायची.

एका दुपारी अनघाने लॅपटॉप मिटला. "तू आठवडाभर चहा अर्धा सोडतोयस. बोल."

मी बोललो. सगळं. ओढा, कात्री, फाटक, सुतळी. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. नंतर म्हणाली, "म्हणजे मी मागितलेली डहाळी."

"तू मागितलीस. तोडली मी."

"मग कॉलवर का नाही सांगितलंस?"

"कसं सांगणार? त्या सगळ्यांसमोर... पूजेसाठी फांदी तोडली म्हणून? ऑफिसात मी एकटा आपला माणूस. पाडव्याचं नाव आलं असतं. गुढीचं."

"गुढी काय तिथे नोकरीला होती?" अनघा म्हणाली. "कात्री तू धुतली नाहीस. गुढीला मध्ये घालू नकोस. आधी किड्याच्या मागे लपलास, आता गुढीच्या मागे लपतोयस."

तिने माझा फोन माझ्याकडे सरकवला आणि लॅपटॉप पुन्हा उघडला. तिची मीटिंग होती.

हेदरने फोन उचलला. मी सांगत गेलो, ती ऐकत गेली. तिच्याकडे मागे कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं.

"तुला हे कधीपासून माहीत होतं?" तिने विचारलं.

"खात्री नव्हती. अजूनही नाही."

"दॅट्स नॉट व्हॉट आय आस्क्ड, मेट."

"सुतळी बांधताना शंका आली होती."

कुत्रं भुंकायचं थांबलं. "मिलिंद," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदाच माझं पूर्ण नाव घेतलं आणि बरोबर घेतलं. "ती झाडं उभी आहेत ती फक्त टाळेबंदी लागली म्हणून. कळतंय ना तुला?"

कळत होतं.

टाळेबंदी उठल्यावर पहिली माणसं लुईसाबाईंकडे गेली नाहीत, ग्रॅहमच्या ओढ्यावर गेली. मागच्या रांगेत, मी डहाळी तोडली त्याच झाडावर, पाण्याकडच्या बाजूला खालच्या फांदीवर जुना चट्टा सापडला. झाडाभोवती फिरल्याशिवाय दिसला नसता. मी पाहणीत फिरलो नव्हतो. समोरून बघितलं होतं आणि 'ठीक' म्हटलं होतं. म्हणजे माझी चूक डहाळीच्याही आधीची निघाली.

ग्रॅहमची ओढ्याकाठची झाडं गेली. तो माझ्याशी परत बोलला नाही, आणि तो बरोबर आहे. लुईसाबाईंची फाटकाजवळची रांग गेली. टेकडी वाचली, पाळतीवर. बोअररने काही केलं नव्हतं. तो फक्त तिथे राहत होता.

लुईसाबाईंना सांगायला हेदर मला सोबत घेऊन गेली. आधी म्हणाली होती, मी सांगते, तू गाडीत बस. मी नाही म्हणालो. त्या नोकरीत मी वरिष्ठांना नाही म्हटलेली ती बहुधा एकमेव वेळ.

फाटकाजवळ बुंधे उकरून काढल्यावर मोठे खड्डे राहिले होते. लाकूड जाळल्याचा वास अजून होता. मी सांगितलं. लुईसाबाई ऐकत होत्या. डहाळीचं आलं तेव्हा त्यांनी हात वर केला.

"थांब. तू माझ्या झाडांचा रोग शुभ म्हणून बाल्कनीत टांगलास?"

"टांगण्याआधी तुम्हाला देऊन गेलो."

त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. हसू होतं की काय, मला नीट कळलं नाही. मास्क होता.

"आणि मी तुला नॉट यॉर फॉल्ट म्हटलं."

"हो."

"ते मी परत घेते," त्या म्हणाल्या. आणि टेकडीकडे निघून गेल्या. ह्या वेळी गाडीपर्यंत आल्या नाहीत. मला ते फार बरं वाटलं. इतक्या दिवसांत कुणीतरी मला माझ्या मापाचं काहीतरी दिलं होतं.

माझं बागांचं काम काढून घेतलं. आता मी डँडेनॉन्गलाच एका गोदामात परदेशातून आलेले लाकडी पॅलेट तपासतो. पॅलेट म्हणजे माल ठेवायच्या फळ्या. महाराष्ट्र मंडळातले लोक म्हणतात, बरं झालं, घराजवळ बदली मिळाली. मी आजवर हो म्हणत आलोय. म्हणून हे लिहिलं.

टेकडीवरच्या झाडांना पुढे काही झालं नाही, असं हेदर एकदा सांगत होती. लुईसाबाईंनी फाटकाशी स्पिरिटची मोठी टाकी बसवली आहे, येणाऱ्या प्रत्येकाला बूट बुडवून आत यावं लागतं. त्यावर पाटी आहे: 'सगळ्यांसाठी. सणाच्या दिवशीही.'

त्या वर्षी आम्ही दुधाच्या पिशव्या धुतल्या, केळी धुतली, दाराच्या कड्या पुसल्या. ज्याला घाण समजलो ते सगळं धुतलं. शुभ समजलो ते धुवायचं मनातही आलं नाही. माझ्या नोकरीचं सगळं शिक्षण ह्या एका वाक्यात मावतं, आणि ते मला बागांचं काम गेल्यावर मिळालं.

आता आमच्या गुढीला फॉस्टर स्ट्रीटवरच्या दुकानातली प्लास्टिकची आंब्याची पानं असतात. त्यांच्या कडांना दाते नाहीत. बांधण्याआधी मी ती स्पिरिटने पुसतो. ईशा म्हणते, "बाबा, इट्स प्लास्टिक." मी म्हणतो, माहीत आहे. आणि उलटून दुसरी बाजूही पुसतो.